आत्याचे कान आणि पस्तीस सेंटिमीटर

पहाटेपासून धुकं इतकं दाट होतं की हात लांब केला तर पुढची बोटं शेजाऱ्याची वाटावीत. रविवार होता. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या रेघेवर नेमकं पाऊल टाकत मिलीमीटरराव चालले होते. एका हातात टेप, दुसऱ्या हातात कागद लावलेली फळी, कानांत कापसाचे बोळे. थंडी कानातून शिरते असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं, आणि सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा वडिलांचं म्हणणं मोडायची त्यांची छाती नव्हती.

त्यांच्या मागे दोघे जण एक हातगाडी ढकलत होते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक चौकट आडवी उभी केलेली, पाच मीटर साठ सेंटिमीटर रुंद. चौकट जिथे अडेल तिथे मागून येणारं धूडही अडेल, असा साधा हिशेब. आणि चौकटीमागे वीसेक पावलांवर, एकशे ब्याण्णव चाकांवर, मुंगीच्या पावलाने येत होती आत्या.

आत्या म्हणजे अणुवीज केंद्रातलं वाफ करायचं जुनं पिंप. पिंप म्हणायचं आपलं. लांबीला वीस मीटर, वजनाला तीनशे वीस टन. तीस वर्षं पाणी उकळून उकळून पोटातल्या हजारो नळ्या किरणोत्सारी झाल्या, तेव्हा तिला बाहेर काढून, सगळी भोकं वेल्डिंगने बंद करून, वर पांढरा रंग फासून बंदराकडे पाठवायची ठरली. तिथून जहाजाने कायमच्या गाडायच्या जागी. आत्या हे नाव गाडीवरच्या लोकांनी ठेवलेलं. न सांगता येते, आली की घरातलं सगळं सामान हलवावं लागतं, आणि कुणाची तोंड उघडायची टाप नसते, म्हणून आत्या.

तिला हात न लावता दिवसभर शेजारी उभं राहिलं तरी काही होत नाही, हे मिलीमीटररावांनी मोजून लिहिलं होतं. आणि त्यांनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. किरणोत्सर्ग नियंत्रण कार्यालयाच्या वाहतूक परवाना विभागात तेहतीस वर्षं त्यांनी काढली, पण त्यांचा आकडा चुकला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. एकदा एका पुलाची रुंदी त्यांच्या आणि पुलाच्या नकाशात चार मिलिमीटरनं जुळेना, तर पूल बांधणाऱ्यांनी नकाशा बदलला. तेव्हापासून हे नाव पडलं. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

आत्याचा परवाना काढायला त्यांना चौदा महिने लागले. छापील अर्जात दोन रकाने होते, ‘आवरण कोणते’ आणि ‘आवरणातील वस्तू कोणती’. आता आत्याला खोक्यात घालायचं तर खोकं गावाएवढं लागणार. म्हणून त्यांनी लिहिलं, आवरण: स्वतः. वस्तू: स्वतः. अर्ज परत आला. शेरा होता, ‘एकच वस्तू दोन रकान्यांत कशी?’ मग कुणीतरी विचारलं की नियमाप्रमाणे आवरण उंचावरून टाकून पाहिलंत का, फुटतं की कसं? मिलीमीटररावांनी नम्रपणे कळवलं की टाकून पाहता येईल, पण मग पाठवायला दुसरी आत्या लागेल. त्यावर सहा आठवडे कुणी उत्तर दिलं नाही. सातव्या आठवड्यात परवाना आला.

मग रस्ता मोजणं. केंद्रापासून बंदरापर्यंत सत्तर किलोमीटर. हमरस्त्यावरचा पूल आत्याला पेलेना, म्हणून वाट वस्तीतून काढलेली. तेवीस दिवस मिलीमीटरराव टेप घेऊन हिंडले. सहाशे बारा ठिकाणी खांब, छज्जे, दिवे, पाट्या, झाडांच्या फांद्या मोजल्या. एका न्हाव्याची पाटी सात सेंटिमीटर पुढे होती, ती त्यांनी उभं राहून काढायला लावली. न्हावी म्हणाला, “साहेब, सात सेंटिमीटरनं काय आभाळ कोसळतंय?” मिलीमीटरराव म्हणाले, “सातनं नाही कोसळत. पण तुम्हाला सात सोडले की पुढचा सतरा मागतो.”

असा हा माणूस. आणि आत्या त्याच सकाळी, सात वाजायला आले असताना, पाण्याच्या टाकीजवळचं वळण घेऊन ज्या गल्लीत शिरली, ती गल्ली मिलीमीटररावांची स्वतःची होती.

गल्ली सरळ. उजव्या हाताला टाकीची दगडी भिंत, डाव्या हाताला तीन मजली इमारतींची रांग. चौथ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक गॅलरी रांगेतून जरा पुढे आलेली. धुक्यात ती दिसली नाही. आवाज मात्र आला. टण्ण!

चौकट गॅलरीच्या लोखंडाला थटली होती.

“थांबवा! थांबवा!” हातगाडीवाले वॉकीटॉकीवर ओरडले. पण तीनशे वीस टन म्हणजे काही पोराची सायकल नाही. एकशे ब्याण्णव चाकं करकरत, कण्हत, आणखी थोडी पुढे आली आणि गॅलरीपासून बरोब्बर दोन मीटरवर थांबली. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं.

वरून एक खणखणीत आवाज आला, “कोण रे तो? हॉर्न न वाजवता वळतो?”

ते मिलीमीटररावांचे वडील. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. दोन पावसाळ्यांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, ‘मला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, रस्त्याकडे ठेवा.’ पण खाट सहा फुटांची आणि गॅलरी नव्वद सेंटिमीटर खोल. आडवी टाकावी तर गॅलरीची लांबी मधल्या खांबानं अडवलेली. उभी टाकावी तर निम्मी खाट खोलीत आणि दार कायमचं उघडं. तेव्हा एका रविवारी मिलीमीटररावांनी ओळखीचा लोहार बोलावला, गॅलरीला लोखंडी कोन लावून पस्तीस सेंटिमीटर पुढे वाढवली, वर फळ्या, कडेला खिडक्या. खाट खांबाच्या पुढून अलगद बसली. परवानगी? ती मागायला गेलं असतं तर दोन वर्षं लागली असती. परवाना देणाऱ्या माणसाइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

सहाशे बारा आकड्यांपैकी सहाशे अकरा त्यांनी टेपने घेतले. हा एकच पालिकेच्या जुन्या नकाशातून उचलला. टेप लावली असती तर सरकारी कागदावर स्वतःच्याच हाताने लिहावं लागलं असतं, की घराचं बांधकाम बेकायदा. नकाशाप्रमाणे गॅलरी ते भिंत, पाच मीटर नव्वद. आत्याला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मोकळे हवेत, म्हणजे अगदी बेतात बसते. खरं अंतर पाच मीटर पंचावन्न. पण तेव्हा ठरलं होतं की आत्याचे कान कापायचे. कान म्हणजे उचलायला ठेवलेले दोन लोखंडी गड्डे, बाजूला वीस-वीस सेंटिमीटर आलेले. कान गेले की आत्या पाच मीटर वीसची. मग खऱ्या अंतरातूनही ती निघते, वर पाच सेंटिमीटर शिल्लक! मिलीमीटररावांनी मनातल्या मनात हा हिशेब तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला होता.

आणि परवा, शुक्रवारी संध्याकाळी, पत्र आलं. कान कापणं रद्द. कारण कापलेला प्रत्येक कान हा स्वतंत्र किरणोत्सारी कचरा ठरतो, त्याला स्वतंत्र डबा, स्वतंत्र परवाना. त्यापेक्षा कानांसकट जाऊ दे. मिलीमीटररावांनी ते पत्र खणात ठेवलं आणि त्यावर स्टेपलर ठेवला, जणू ते उडून जाणार होतं. शनिवारी ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. बायकोला वाटलं, पोट बिघडलंय. तिनं नुसता भात दिला.

त्यांनी फोन काढला.

“काय म्हणता? अडली?” पलीकडे मॅडम, विभागप्रमुख. झोपेतून उठलेल्या. “कशाला अडली?”

“गॅलरीला, मॅडम.”

“तिथला आकडा कुणाचा?”

“माझा.”

“तुमचा? मग अडणार नाही.”

“अडली आहे, मॅडम. समोर दिसतंय.”

“तिकडे धुकं आहे ना?”

“आहे.”

“मग दिसतंय असं म्हणू नका. आणि ऐका, किती वाजले? एक तास लक्षात ठेवा.”

एक तास! मिलीमीटररावांनी घड्याळ पाहिलं. नियम त्यांना तोंडपाठ होता. न ठरलेल्या जागी माल एक तासाहून जास्त थांबला, की ती वाहतूक राहत नाही, साठवण होते. साठवणीला वेगळा परवाना. त्याला अकरा महिने, कुंपण, मातीची तपासणी आणि आसपासच्या लोकांची जाहीर सुनावणी. म्हणजे आत्या वर्षभर दारात.

“मागे घेऊ का?” ड्रायव्हरबाईंनी केबिनमधून मान काढून विचारलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला लोकरीची टोपी, हातात थर्मास. बावीस वर्षं अवजड गाड्या चालवत होत्या आणि परवान्यावर एक डाग नव्हता.

“मागे नाही. मागे म्हणजे परतीचा प्रवास. परतीचा परवाना नाही आपल्याकडे.”

“मग काय करू, उडवू?”

“पुढे घ्या. जरासं. नियमात जागा बदलली पाहिजे एवढंच आहे. किती, ते लिहिलेलं नाही.”

ड्रायव्हरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर वेड्याकडे पाहतो. “साहेब, ही चमच्यानं ढवळायची गोष्ट नाही. कमीत कमी वीस सेंटिमीटर सरकते ही. त्याखाली नाही.”

दोन मीटर. तासाला वीस. दहा तास. पाच वाजून दहा मिनिटांनी आत्या गॅलरीत.

आठ वाजून पाच मिनिटांनी ड्रायव्हरबाईंनी इंजिन सुरू केलं, एकशे ब्याण्णव चाकांनी सुस्कारा सोडला, आणि आत्या वीतभराहून दोन बोटं कमी पुढे आली. मिलीमीटररावांनी वाकून मोजलं आणि लिहिलं, ‘८.०५, वाहतूक चालू, २० सें.मी.’ इंजिन बंद. ड्रायव्हरबाईंनी चहा ओतला.

धुकं वितळलं तशी इमारत जागी झाली. लोक खिडक्यांत आले. खाली तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने दुकान उघडलं, दारात उभं धूड पाहिलं, वर पाहिलं, मग मिलीमीटररावांकडे पाहिलं, आणि सगळं समजून हळूच म्हणाला, “साहेब, आम्ही काही बोलणार नाही हं. तुमच्या गॅलरीमुळे माझ्या दुकानावर पावसाचा थेंब पडत नाही. खाल्ल्या मिठाला जागतो आम्ही.”

सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जाताना डोळा बारीक करून मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरचा मास्तर ‘धीर धरा’ असं पुटपुटून दूध आणायला गेला. एवढ्या माणसांनी आपल्यासाठी तोंड शिवून घ्यावं, याचं मिलीमीटररावांना इतकं ओझं झालं की आत्या हलकी वाटावी.

वर वडील मात्र खुशीत होते. आत्याची पांढरी पाठ त्यांच्या खाटेच्या उंचीवर, समोरच. “बाळ,” त्यांनी वरून हाक मारली, “हिचं वळण चुकलं. टाकीपाशी उजवं चाक आणखी आत घ्यायला हवं होतं.”

“बाबा, वळण नाही चुकलं.”

“मग काय चुकलं?”

मिलीमीटरराव खाली बघून टेप गुंडाळू लागले.

“काका,” ड्रायव्हरबाई केबिनच्या पायरीवर चढून म्हणाल्या, “वळण मी तुमच्यासारखंच घेतलं, आरशात बघून. तुम्ही बस चालवायचात ना? खाटेवर बसायची ऐटच सांगते.” आणि मग खाली मिलीमीटररावांकडे बघून, आवाज न बदलता, “घर तुमचं आहे तर.”

“हो.”

“बरं.” एवढंच म्हणून त्या चहा प्यायला लागल्या.

दहा वाजता पालिकेचा इंजिनिअर स्कूटरवर आला, बगलेत नकाशाची गुंडाळी. त्याने ती आत्याच्या ट्रेलरवर पसरायला घेतली तसे मिलीमीटरराव धावले. “तिथे नको! त्याला काही टेकलं की पुसून तपासावं लागतं!” मग त्याने ती इस्त्रीवाल्याच्या टेबलावर पसरली. इस्त्रीवाल्याने चार कोपऱ्यांवर चार इस्त्र्या ठेवल्या, थंड.

“गॅलरी नव्वद सेंटिमीटर,” इंजिनिअर म्हणाला.

“आणि ही समोर आहे ती?” मिलीमीटररावांनी विचारलं.

“नव्वदच.”

“पुढचे पस्तीस?”

“ते नाहीत.”

“अहो, चौकट त्यांनाच थटली!”

“थटली असेल. पण नकाशात नाहीत. आणि जे नाही ते मी पाडू कसं? आधी ते आहे असं कुणीतरी लेखी कळवायचं. मग मालकाला नोटीस, तीस दिवस. मग सुनावणी. मग मालक कोर्टात जाणार, जातातच. मग पाडायचं.”

“मालकाने आपण होऊन काढलं तर?”

इंजिनिअर हसला. “आपण होऊन? अहो, आपण होऊन माणूस नाक शिंकरत नाही. एकवीस वर्षं या खात्यात आहे, एकही मालक असा पाहिला नाही.” त्याने गुंडाळी पुन्हा बगलेत मारली. “कोण राहतं वर?”

इस्त्रीवाला एकाएकी फार मन लावून शर्टाची कॉलर दाबू लागला. इस्त्री अजून थंडच होती.

“चौकशी करतो,” मिलीमीटरराव म्हणाले. तेहतीस वर्षांत पहिलं खोटं, आणि तेही अर्धंच.

अकरा पाच, बारा पाच. वीस, वीस. सव्वाबाराला मॅडमचा फोन.

“मी सगळ्यांशी बोलले. तुमचा आकडा चुकलेला नाही, यावर एकमत आहे.”

“पण मॅडम...”

“आधी आमचं म्हणणं होतं की थंडीनं रस्ता आखडला असेल. पण रस्ते विभाग म्हणतो, रस्ता लांबीत आखडतो, रुंदीत नाही. मग म्हटलं, आत्या फुगली असेल. पण ती केंद्रात मोजलेली आहे, कानांसकट. राहिलं काय? ड्रायव्हर. गाडी मधल्या रेघेवरून डावीकडे गेली. पस्तीस सेंटिमीटर.”

“मॅडम, अडली ती चौकट. गाडी तर मागे होती.”

“गाडी डावीकडे येणार असं वाटून चौकटवाले आधीच डावीकडे आले. असं होतं. मसुदा पाठवलाय, तीनच्या आत सही करा. बाईंचा परवाना चौकशी होईपर्यंत बंद. आणि आत्याला केंद्रात परत न्यायचा परवाना मी उद्या सकाळी काढते, तोवर सरकवत राहा.”

“सरकवायला जागा नाही राहणार.”

“तुम्ही आहात ना? तुम्ही असताना मला काळजी नाही.”

फोन ठेवला, तर मसुदा आलेला. ‘चालकाने आखलेल्या मध्यरेषेपासून वाहन डावीकडे नेल्यामुळे’. खाली त्यांचं नाव, सहीची जागा रिकामी.

ड्रायव्हरबाई दारातल्या पायरीवर बसून डबा खात होत्या. मिलीमीटररावांनी त्यांना फोन दाखवला. त्यांनी वाचलं. घास तोंडातच राहिला, मग त्यांनी तो नीट चावून गिळला.

“अवजड गाडीचा परवाना एकदा बंद झाला ना साहेब, की उघडत नाही. मग कचऱ्याच्या गाडीवर घालतात. वाईट नाही म्हणा ती गाडी. पण बावीस वर्षं मी मधल्या रेघेवर चालले.” डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, “मी बोलणार नाही. माझं काम गाडी चालवायचं. मोजायचं काम तुमचं.”

दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या तर मिलीमीटरराव सुटले असते. या वाक्यावर मात्र त्यांनी टेप उचलली.

ते वर गेले. बायको भांडी घासत होती. हातात टेप पाहून तिने नळ बंद केला.

“मोजणार?”

“हो.”

“तेव्हाच मोजा म्हटलं होतं मी.”

“म्हटलं होतंस.”

“तेव्हा काय म्हणालात? म्हणे, आपल्या घराची कुणाला पडलीय. न्हाव्याच्या पाटीला सात सेंटिमीटरची सूट नाही आणि स्वतःला पस्तीस! बिचाऱ्याची पाटी अजून दुकानात उभी आहे, गिऱ्हाईक आरसा समजून तिच्यात भांग पाडतात.”

मिलीमीटररावांना हसू आलं नाही. ते गॅलरीत गेले. खाटेपलीकडे ओणवून त्यांनी टेपचं टोक घराच्या भिंतीला लावलं, दुसरं बाहेरच्या कडेला. खाली हातगाडीवाले, इस्त्रीवाला, काकू, मास्तर, ड्रायव्हरबाई, सगळे माना वर करून बघत होते.

“एक मीटर पंचवीस!” ते मोठ्याने म्हणाले आणि फळीवर लिहिलं. मग तिथूनच फोन लावला.

“मॅडम, सही होणार नाही. ड्रायव्हर रेघेवरच होत्या. माझा आकडा चुकला.”

“तुमचा आकडा चुकत नाही हो!”

“मी तो घेतलाच नव्हता. नकाशातून उतरवला. सहाशे बारातला एकच.”

मग मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “का?”

“घर माझं आहे.”

खाली इस्त्रीवाल्याने कपाळावर हात मारला. “साहेब, आम्ही एवढं सांभाळलं आणि तुम्हीच...”

मॅडम म्हणत होत्या, “पण मग आता कोणावर विश्वास ठेवायचा मी? मागच्या वर्षीचा पूल? त्याआधीचा बोगदा? सगळं परत मोजायचं का? तुम्हाला कळतंय का, आख्खं ऑफिस तुमच्या आकड्यांवर उभं आहे!”

“कळतंय, मॅडम. मालक म्हणून मी ही वाढीव गॅलरी आपण होऊन काढतोय. लेखी पाठवतो.”

फोन ठेवून ते वळले तर वडील त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कमी ऐकू यायचं, पण अशा माणसाला जे ऐकायचं ते बरोब्बर ऐकू येतं.

“म्हणजे ती बाई चुकली नव्हती.”

“नाही.”

“मग मगाशी तिच्या वळणाला मी नावं ठेवली, तेव्हा तू गप्प का बसलास?”

मिलीमीटररावांनी टेप खिशात घातली.

“ड्रायव्हरच्या माथी मारायला निघाला होता,” म्हातारा सुनेकडे वळून म्हणाला, “बसड्रायव्हरचा पोरगा असून!” आणि दोन्ही हात वर करून, लहान मुलासारखे, “उचला मला. काढा ती लाकडं.”

उचलून त्यांना आतल्या खुर्चीत ठेवलं. आता कापायचं. गाडीवर गॅस कटर होता, दहा मिनिटांचं काम. पण आत्यापासून दहा मीटरच्या आत ठिणगी उडवायला बंदी, हे कलमही मिलीमीटररावांनीच परवान्यात घातलेलं. तेव्हा हातकरवत. इस्त्रीवाल्याने शोधून आणली, दोन पात्यांसकट. लोखंडी कोन चार. एका कोनाला पाऊण तास.

करवत चालू झाली. मधेच एक पाचला, दोन पाचला, तीन पाचला आत्या वीस वीस पुढे. प्रत्येक वेळी मिलीमीटररावांनी करवत ठेवायची, जिना उतरायचा, वाकून मोजायचं, लिहायचं, जिना चढायचा. त्यांच्या हाताला फोड आले. मग ड्रायव्हरबाई वर आल्या आणि एक कोन त्यांनी कापला. हातगाडीवाल्यांनी एक कापला. लोखंडाचा कीस आत्याच्या नाकावर पडू नये म्हणून बायकोने खाली जुनी चादर धरली. चादरीची चारही टोकं मग चार शेजाऱ्यांनी धरली. मास्तर दूध आणायला गेला तो अजून हातात पिशवी घेऊनच चादर धरून उभा.

चार पाचला आत्या सरकली तेव्हा गॅलरी आणि तिच्यामध्ये वीस सेंटिमीटर उरले. ड्रायव्हरबाई केबिनमध्ये जाऊन बसल्या. पाच वाजायला दहा कमी असताना शेवटचा कोन सुटला, फळ्या खिडक्यांसकट चादरीत उतरल्या, आणि मास्तरचं दूध सांडलं.

मिलीमीटररावांनी मोजलं. गॅलरी नव्वद. गॅलरी ते भिंत पाच मीटर नव्वद. यावेळी टेपने.

चौकट आत गेली. थटली नाही. मागून आत्या. ड्रायव्हरबाईंचं तोंड घट्ट मिटलेलं, दोन्ही आरशांत डोळे. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा. वडिलांची खुर्ची दारापाशी आणलेली. त्यांच्या नाकासमोरून आधी पांढरी पाठ, मग तो लोखंडी कान, हळूहळू, मिरवत गेला. शेपटीकडचा लाल दिवा गॅलरीच्या पलीकडे गेला तेव्हा केबिनमधून हॉर्न वाजला, एकदाच, लांब.

“आता वाजवला,” वडील म्हणाले. “आता बरोबर.”

पुढचं मोजणं दुसऱ्या माणसाने करायचं, असा निरोप आला होता. मॅडमचं म्हणणं, उद्या दहाला या, टेप जमा करा, आणि सहाशे अकरा आकडे तुमच्यासमोर पुन्हा तपासले जातील, प्रत्येकाला चार साक्षीदार. ड्रायव्हरबाईंच्या कागदावर ‘कोणताही दोष नाही’ असं लिहून आलं. त्यांनी तो कागद वाचून थर्मासच्या झाकणाखाली दाबून ठेवला आणि पुढच्या वळणापाशी गाडीचं उजवं चाक आणखी आत घेतलं.

गल्ली मोकळी झाली. इस्त्रीवाला दुकानापुढे उभा राहून आकाशाकडे बघत होता, पाऊस कधी येईल त्याचा अंदाज घेत. वर खाट आता बसत नव्हती. शेवटी ती उभी टाकली, डोकं गॅलरीत, पाय खोलीत, दार कायमचं उघडं. गार वारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत. बायकोने स्वेटर चढवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

“बाळ,” वडिलांनी डोक्याकडून हाक मारली, “दोन दिवस दाढी झाली नाही माझी. त्या बाईसमोर असा बसलो होतो.”

मिलीमीटररावांनी हाताच्या फोडांकडे पाहिलं. मग पातेल्यात पाणी गरम करायला ठेवलं, मोरीतून वाटी, साबण आणि ब्रश आणला, जुना टॉवेल म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती खोचला, आणि डाव्या गालाला फेस लावायला सुरुवात केली.